पाळीव पोपटाची लिपिड तपासणी आणि चयापचयाची काळजी : ठाणे-नवी मुंबईतील नव्या पालकांसाठी मार्गदर्शक

पोपटाच्या रक्ततपासणीचा अहवाल हातात पडला की कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातील चरबीच्या (लिपिडच्या) दोन आकड्यांपुढे ठळक खुणा दिसतात आणि पुढे काय करायचे ते कोणी नीट सांगत नाही, असा अनुभव अनेक पालकांना येतो. आमच्या घरी क्वेकर आणि कॉकटील या जातींचे दोन पोपट आहेत आणि दोघांच्याही निमित्ताने ही सगळी वाट आम्ही तुडवली आहे. त्यातून पक्के झालेले मत आधीच सांगतो. पोपटाच्या बाबतीत कोलेस्टेरॉलचा सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. प्रजाती, मादी असल्यास अंड्यांचा काळ, गेल्या काही महिन्यांतील वजन आणि रोजचे खाणे या चार गोष्टी शेजारी असतील तरच त्या आकड्याला अर्थ येतो. म्हणून या लेखात रक्त देण्याआधीची तयारी आणि अहवालानंतरचा आहारबदल यांवर भर दिला आहे.

१. पक्षी कोणता आहे आणि त्याचे कागद आहेत का, हे आधी पाहा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडचे देशी पोपट पाळता येत नाहीत. साधा हिरवा पोपट, मोठा पहाडी पोपट आणि लाल-जांभळ्या डोक्याचा तुईया हे सगळे त्यात आले. असा पक्षी घरात असेल तर तो येऊरच्या जंगलात परस्पर सोडून देऊ नये, कारण माणसाळलेला आणि उडण्याची सवय मोडलेला पक्षी तेथे फार काळ तग धरत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधून पुढची पद्धत विचारावी.

परदेशी पोपटांपैकी ज्यांची नावे आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या म्हणजे साइट्स करारातील यादीत आहेत, त्यांची नोंदणी या कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीमुळे आवश्यक झाली असून तिचे नियम २०२४ मध्ये आले आणि अर्ज ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. आफ्रिकन ग्रे, ॲमेझॉन, मकाऊ, सन कोन्युअर आणि क्वेकर त्या यादीत येतात. बजरिगर आणि कॉकटील येत नाहीत.

२. वजनाची वही सुरू करा

रक्ततपासणीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी ही वही सुरू झालेली असावी. सकाळी पहिली विष्ठा टाकून झाल्यावर आणि खाणे देण्याआधी पक्ष्याला काट्यावर घ्यावे. काट्यावर एक छोटी दांडी ठेवून काटा शून्यावर आणला की पक्षी निमूट बसतो. मोठ्या पोपटासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील काटा चालतो. बजरिगर मात्र जेमतेम ३०-४० ग्रॅमचा असतो आणि त्याच्यासाठी एक ग्रॅम म्हणजे अंगाचा तीन टक्के भाग होतो, त्यामुळे त्याला ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा हवा.

वजनाच्या रकान्याशेजारी त्या दिवशी वाटीत किती टाकले, त्यातले किती उरले आणि विष्ठा कशी होती, हेही लिहावे. येथे एक फसगत हमखास होते. पोपट बी सोलून गर खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. किंवा उलट, आपण वरून भर घालत राहतो आणि तो फक्त सूर्यफूल वेचून खातो. रोज संध्याकाळी वाटी फुंकून टरफले उडवावीत आणि खाली उरलेले दाणेच मोजावेत.

३. छातीचे हाड, चोच आणि विष्ठा पाहायला शिका

पोपटाच्या छातीच्या मध्यातून एक उभे हाड जाते. बोट हलकेच फिरवल्यावर ते जाणवले पाहिजे आणि दोन्ही बाजूंचे स्नायू त्याच्याशी साधारण सपाट उतरले पाहिजेत. हाड सुरीसारखे टोकदार लागत असेल तर पक्षी खंगला आहे. ते सापडतच नसेल आणि दोन्ही बाजू फुगून वर आल्या असतील तर तो स्थूल आहे. मानेवरची किंवा पोटावरची पिसे किंचित ओली करून बाजूला सारल्यावर कातडीखाली पिवळट चरबी दिसते. बजरिगरांमध्ये छातीवर किंवा पोटावर चरबीची गाठही येते.

चोच भराभर वाढणे, तिचे पापुद्रे सुटणे, चोचीवर किंवा नखांवर रक्त साकळल्यासारखे काळपट ठिपके दिसणे, ही यकृत बिघडल्याची चिन्हे असू शकतात. विष्ठेतला पांढरा भाग हिरवट-पिवळा होऊ लागला तर तोही यकृताचाच इशारा समजावा. रक्तवाहिन्यांचा विकार मात्र बराच काळ दिसतच नाही. थोडे उडल्यावर धाप लागणे, पायांत जोर नसल्यासारखे दांडीवरून घसरणे, झटका येणे अशी लक्षणे दिसेपर्यंत आजार पुढे गेलेला असतो. काही पक्ष्यांमध्ये तर अचानक मृत्यू हेच पहिले लक्षण ठरते. पक्षी आजार लपवतात, हे ध्यानात ठेवून ‘खातोय-पितोय, मग ठीकच आहे’ या समजुतीवर विसंबू नये.

या विकाराचा धोका सर्व पोपटांना सारखा नसतो. आफ्रिकन ग्रे, ॲमेझॉन, क्वेकर आणि कॉकटील यांच्यात रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन कडक होण्याचे प्रमाण अधिक आढळते. वय वाढते तसा धोका वाढतो आणि माद्यांमध्ये तो नरांपेक्षा जास्त असतो.

४. पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर शोधा

कुत्र्या-मांजरांचा दवाखाना ठाण्यात किंवा वाशी-नेरूळ-खारघरात जवळपास सापडतो. पोपटाच्या मानेच्या शिरेतून सफाईने रक्त काढणारा हात मात्र प्रत्येक ठिकाणी नसतो. फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात : पक्ष्यांचे रक्त नेहमी काढता का, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत पाठवता, आणि अहवालाची तुलना कोणत्या प्रजातीच्या मूल्यांशी करता. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आले तर दुसरीकडे विचारावे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि तेथलेच पशुवैद्यकीय महाविद्यालय बहुतेकांना ठाऊक असते. तेथे जायचे असल्यास पक्ष्यांसाठी कोणत्या वेळी कोण असते, हे आधी विचारून घ्यावे.

प्रवासासाठी छोटा, हवेशीर, एका बाजूने झाकता येणारा पेटारा घ्यावा. ठाण्याहून धिम्या लोकलने परळला थेट जाता येते, पण नवी मुंबईकरांना हार्बर मार्गावरून कुर्ल्याला गाडी बदलावी लागते आणि सकाळच्या गर्दीत पिंजरा घेऊन ते करणे पक्ष्याच्या आणि आपल्याही जिवावर येते. टॅक्सी किंवा गाडी परवडत असेल तर तीच बरी. एप्रिल-मेमध्ये घोडबंदर रोडवर किंवा वाशीच्या पुलावर अडकलेल्या गाडीत पक्षी लवकर तापतो, म्हणून सकाळची पहिली वेळ मागावी.

सोबत न्यायच्या गोष्टी :
– वजनाची वही आणि आधीचे सगळे अहवाल
– नोंदणीचा कागद. पायात कडी असल्यास तिचा क्रमांक
– रोजच्या खाण्याचे, पाकिटावरील घटकांच्या यादीसह छायाचित्र
– गेल्या दोन दिवसांतील विष्ठेची छायाचित्रे
– मादी असल्यास शेवटचे अंडे कधी घातले, ती तारीख
– रक्त काढल्यानंतर लगेच देण्यासाठी नेहमीचे खाणे

५. रक्त देण्याचा दिवस

माणसाला लिपिड तपासणीआधी दहा-बारा तास उपाशी राहायला सांगतात. तो नियम पोपटाला स्वतःहून लावू नये. लहान पक्ष्याचे चयापचय वेगवान असते आणि यकृतात आधीच चरबी साचलेली असेल तर लांबलेला उपास त्याला घातक ठरू शकतो. सोपा मार्ग असा की पक्षी रात्री झोपेत तसाही खात नाही, तेव्हा सकाळी खाणे देण्याआधीची वेळ घ्यावी आणि याहून अधिक उपाशी ठेवायचे की नाही, हे डॉक्टरांवर सोडावे. फेरतपासणीही त्याच वेळी आणि तशाच स्थितीत करावी. नाहीतर दोन अहवालांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

किती रक्त काढणार, हा प्रश्न विचारायला संकोच नको. पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या सुमारे दहा टक्के रक्त असते आणि निरोगी पक्ष्याचे एका वेळी वजनाच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे १०० ग्रॅममागे १ मिलिलिटरपर्यंत रक्त काढणे सुरक्षित मानतात. बजरिगरच्या वाट्याला हे ०.३ मिलिलिटरच्या आसपास येते. आजारी पक्ष्याचे तर त्याहूनही कमी काढतात. म्हणून ‘एकदाच सगळ्या तपासण्या करून टाका’ हा आग्रह छोट्या पक्ष्याच्या बाबतीत धरू नये. कोणत्या तपासण्या आधी हव्यात, हे डॉक्टरांसोबत ठरवून घ्यावे. रक्त बहुधा मानेच्या उजव्या शिरेतून काढतात, कारण ती डावीपेक्षा मोठी असते.

६. अहवाल वाचताना

सर्वांत जास्त घोटाळा येथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नमुना माणसांच्या प्रयोगशाळेत गेला असेल तर अहवालाच्या उजव्या रकान्यात छापलेली ‘सामान्य मर्यादा’ माणसाची असते. ग्लुकोजचेच पाहा. पोपटाच्या रक्तात दर डेसिलिटरला २०० ते ३५० मिलिग्रॅम साखर असणे सर्वसाधारण आहे. माणसाच्या मापाने हाच आकडा मधुमेहाचा ठरतो आणि घरात रडारड सुरू होते. रक्तपेशींच्या मोजणीतही हीच अडचण येते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींमध्ये केंद्रक असते, त्यामुळे माणसांसाठी बनवलेले स्वयंचलित यंत्र त्यांना पांढऱ्या पेशींमध्ये धरून बसते. ही मोजणी काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली व्हायला हवी.

आता लिपिडकडे येऊ. बहुतेक पोपटांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेण्याचे काम मुख्यतः एचडीएल करते, माणसासारखे एलडीएल नव्हे (हे दोन्ही रक्तातून चरबी वाहून नेणारे कण). अहवालातील एलडीएल अनेकदा प्रत्यक्ष मोजलेले नसते, माणसांसाठी ठरवलेल्या सूत्राने काढलेले असते. त्या सूत्रात ट्रायग्लिसराइडचा आकडा घालावा लागतो आणि तो फार चढलेला असेल तर सूत्र माणसांतही कोलमडते. तेव्हा एचडीएल-एलडीएलच्या गुणोत्तरावरून ‘चांगले’ आणि ‘वाईट’ कोलेस्टेरॉल अशी माणसांची भाषा पोपटाला लावू नये. एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हे दोन आकडे घ्यावेत आणि त्यांची तुलना त्याच प्रजातीच्या मूल्यांशी करावी. क्वेकरचे कोलेस्टेरॉल इतर अनेक पोपटांपेक्षा मुळातच जास्त असते. कॉकटीलसाठी काढलेली मर्यादा त्याला लावली तर तो कायमच आजारी ठरेल.

मादी पक्ष्याबाबत आणखी एक गोष्ट. अंडी घालण्याच्या काळात इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली तिचे यकृत पिवळ्या बलकासाठी लागणारी चरबी आणि प्रथिने मोठ्या प्रमाणात बनवून रक्तात सोडते. त्या वेळी ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल चढतात, कॅल्शियमही चढते, आणि नमुन्याच्या नळीतला द्रव दुधासारखा पांढरट दिसू शकतो. हा त्या काळातला स्वाभाविक बदल आहे. मात्र कॉकटील मादी एकटीच असूनही वर्षभर अंडी घालत राहिली तर चरबीचा हा भार तिच्यावर सतत राहतो आणि तेव्हा खुराड्यासारखी अंधारी जागा काढून टाकणे, उजेडाचे तास कमी करणे, पाठीवरून हात न फिरवणे हे उपाय आहाराइतकेच महत्त्वाचे ठरतात. मादी नुकतीच अंडी घालून थांबली असेल तर, तिची प्रकृती तातडीची नसल्यास, तपासणी काही आठवड्यांनी करावी असे मी सुचवेन.

दुधाळ नमुन्यामुळे इतर काही तपासण्यांचे आकडेही चुकतात, म्हणून अहवालात ‘लायपेमिक’ (चरबीने दुधाळ झालेला नमुना) असा शेरा असेल तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. यकृताच्या तपासणीत माणसांच्या सवयीने एसजीपीटी म्हणजे एएलटी हे विकर (एन्झाइम) मागितले जाते. पक्ष्यांमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. एएसटी हे दुसरे विकर उपयोगी पडते, पण ते स्नायूंना इजा झाल्यावरही वाढते, त्यामुळे सोबत सीके हे स्नायूंतील विकर पाहतात : दोन्ही चढले असतील तर स्नायूंचा संशय येतो, एएसटी एकटेच चढले असेल तर यकृताचा. यकृत काम कसे करते, हे बाइल ॲसिडच्या (पित्तातील आम्लांच्या) तपासणीवरून अधिक कळते.

आणि कोलेस्टेरॉल सामान्य आले म्हणून रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, असेही समजू नये. जिवंत पक्ष्यात हा विकार पकडणे कठीण असते. क्ष-किरण चित्रात मोठ्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचलेले दिसले तर सुगावा लागतो, पण तोही उशिरा.

७. आहार बदला, पण सावकाश

बियांमध्ये कोलेस्टेरॉल नसते. ते फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते. मग निव्वळ बियांवर वाढलेल्या पोपटाचे कोलेस्टेरॉल का चढते, असा प्रश्न पडतो. पक्ष्यांमध्ये चरबी बनवण्याचे काम मुख्यतः यकृतात होते आणि आतड्यातून शोषलेली चरबीही थेट यकृताकडे जाते. जास्तीची ऊर्जा तेलातून आली काय किंवा भातातून आली काय, तिचा ढीग यकृतातच लागतो. म्हणून सूर्यफूल बंद करून त्याऐवजी चपाती, भात, केळे आणि मारी बिस्किट भरमसाट देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

सूर्यफुलाच्या गरात आणि शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते. करडई सूर्यफुलापेक्षा हलकी, असे दुकानदार ठामपणे सांगतात. तिच्या गरातही तेल भरपूर असते. याउलट बाजरी आणि राळे यांत तेलाचे प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या घरात राहते. ठाण्यात जांभळी नाक्यावर आणि वाशीच्या बाजारात ही धान्ये सुटी मिळतात, तेव्हा तयार मिश्रण घेण्यापेक्षा ती वेगवेगळी आणून स्वतः प्रमाण ठरवलेले उत्तम. बहुतेक पक्षी-डॉक्टर मुख्य आहार म्हणून तयार पेलेट (दळलेल्या खाद्याच्या छोट्या गोळ्या) सुचवतात, सोबत भाज्या, आणि तेलबिया फक्त बक्षिसापुरत्या. कॉकटील आणि बजरिगर हे मुळात गवताच्या बिया खाणारे पक्षी, त्यांच्यासाठी धान्याचा वाटा मोठ्या पोपटांपेक्षा थोडा अधिक ठेवतात.

भाज्यांमध्ये लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, सिमला मिरची, हिरवी मिरची हे सगळे चालते आणि बियांच्या आहारात कमी पडणारे अ जीवनसत्त्वही त्यातून मिळते. फळे गोड असल्याने बेतानेच द्यावीत. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी आहेत. चहात बुडवलेले बिस्किट, फरसाण, तूप लावलेली चपाती आणि पनीर ही पाहुण्यांच्या हातून पोटात जाणारी मंडळी. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा बसवून हे समजावून सांगितल्याशिवाय कोणताही आहारतक्ता टिकत नाही, हे मात्र अनुभवाने सांगतो.

बदलाची पद्धत अशी ठेवावी. सकाळी भूक जास्त असते तेव्हा पेलेट आणि भाजी द्यावी, नेहमीचे धान्य दुपारनंतर मोजून द्यावे आणि दर काही दिवसांनी धान्याचे प्रमाण थोडे घटवावे. पेलेट प्रथम भरडून ओल्या भाजीवर भुरभुरले की त्यांची चव ओळखीची होते. यात दिवसांचे नव्हे, आठवड्यांचे आणि कधी महिन्यांचेही काम असते. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हा सल्ला ऐकू नका. काही पोपट नवा पदार्थ अन्न म्हणून ओळखतच नाहीत आणि भरल्या वाटीसमोर उपाशी राहतात, आणि स्थूल पक्षी एकदम उपाशी राहिला तर अंगातली चरबी यकृतात उतरून यकृत निकामी होऊ शकते. विष्ठा कमी, काळपट-हिरवी आणि कोरडी दिसू लागली तर तो खात नाही असे समजून लगेच जुने खाणे द्यावे. वजन सुरुवातीच्या दहा टक्क्यांनी घटले तर बदल थांबवून डॉक्टरांना गाठावे.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत शेंगदाणे आणि मका लवकर बुरसतात, आणि त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृतावरच घाला घालते. जून ते सप्टेंबर या काळात धान्य थोडे-थोडे आणावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. जवसात ओमेगा-३ प्रकारची चरबी असते आणि पोपटांवरील काही अभ्यासांत तिचा लिपिडवर चांगला परिणाम दिसला आहे. द्यायचे झाल्यास चिमूटभरच आणि ताजे भरडून द्यावे, कारण जवसाची पूड लवकर खवट होते.

८. उडू द्या, शोधू द्या

पिंजऱ्यातल्या पोपटाला खाण्यासाठी चार पावलेही चालावे लागत नाही, ही खरी अडचण आहे. रोज काही वेळ खोलीत उडू द्यावे. त्याआधी छताचा पंखा बंद करून बटणावर चिकटपट्टी लावावी, खिडक्यांचे पडदे ओढावेत आणि नॉनस्टिक भांडे चुलीवर नाही याची खात्री करावी, कारण ते जास्त तापल्यावर निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. गॅलरीला कबुतरांची जाळी आहे म्हणून पक्ष्याला तेथे मोकळा सोडू नये. जाळीत पाय अडकतो आणि घारीही टपलेल्या असतात. रोजच्या खाण्यातला काही भाग कागदात गुंडाळून, नारळाच्या करवंटीत किंवा मक्याच्या सालीत लपवून द्यावा. पेरूच्या किंवा जांभळाच्या फांद्या कुरतडायला चालतात, कण्हेर मात्र घरातसुद्धा आणू नये. पंख कापलेले असतील तर ते झडून नवे येईपर्यंत दोरीवर चढवणे, हातावर पंख फडफडवायला लावणे, एवढेच करता येते.

९. औषध आणि फेरतपासणी

घरात आजोबांची कोलेस्टेरॉलची गोळी असते आणि तिचा कण पाण्यात विरघळवून द्यावा, असा मोह होतो. असे कधीही करू नये. ॲमेझॉन पोपटांना रोसुवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध तोंडावाटे दिल्यावर बहुतेक नमुन्यांत ते रक्तात मोजता येण्याइतकेही आढळले नाही. माणसाचा डोस वजनाच्या प्रमाणात लहान केला म्हणजे पक्ष्याचा डोस होत नाही. औषधाची गरज आहे की नाही, कोणते आणि किती, हे पक्ष्यांचे डॉक्टरच ठरवतील.

फेरतपासणी सहसा काही महिन्यांनी, आहार पूर्ण बदलून वजन स्थिरावल्यावर करतात. नमुना त्याच प्रयोगशाळेत, सकाळच्या त्याच वेळी आणि मादी असल्यास अंड्यांचा काळ टाळून द्यावा, आणि जाताना दोन्ही अहवालांमधल्या काळातली वजनाची सगळी पाने सोबत न्यावीत.